आरोग्यासाठी दारू : एका कागदाचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, थंडीत पोराले चमचाभर ब्रँडी देल्ली तं चालते न?"

हिवरखेडला हिवाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आधी सांगतो : नाही, थेंबभरही नाही. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. शिवाय लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

दारूला औषध मानण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. अमेरिकेत मुलांकडे गेलात आणि सॅव्हाना शहरात जाणं झालं, तर तिथलं दारूबंदीच्या इतिहासाचं संग्रहालय जरूर पाहा. 1920 ते 1933 तिथे देशभर दारूबंदी होती, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळे. गंमत म्हणजे दारूला औषध म्हणून शास्त्रीय आधार नाही, असा ठराव तिथल्याच डॉक्टरांच्या संघटनेने 1917 मध्ये केला होता. बंदी आली आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या!

आपल्याकडे काय झालं? मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा 1938 चा. पुढच्याच वर्षी 1 ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी आली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ होते. नंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याला बालसरा नावाच्या नागरिकाने आव्हान दिलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बराचसा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून वगळली. दारू पिण्यासाठी परवाना लागू लागला आणि त्यावर कारण येऊ लागलं : आरोग्य राखण्यासाठी. महाराष्ट्रात कायद्याने आजही परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांनी तो काढलाय, हे मी विचारत नाही.

दारूतल्या इथेनॉलचा औषध म्हणून एक खरा उपयोग आहे, तो विषारी दारूतल्या मिथेनॉलवर. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलपासून शरीरात तयार होणारं फॉर्मिक आम्ल डोळ्यांची नस जाळतं. ते तयार होऊ नये म्हणून रुग्णालयात मोजून इथेनॉल देता येतं. हा घरी करायचा उपाय नव्हे.

मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली, तेव्हा केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि उच्च न्यायालयाने आदेश थांबवला. बरोबरच झालं. पण आदेशामागची अडचण खोटी नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. यात माणूस दगावतो. त्यावर उपचार आहेत : ठरावीक गोळ्या, बी-1 जीवनसत्त्व आणि देखरेख.

तेव्हा घरातल्या कुणी नवस बोलून किंवा भांडणानंतर अचानक दारू सोडली असेल, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात आणा. झटका आला, तो बरळू लागला किंवा नसलेलं दिसू लागलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.