नावडत्या चालींचा इतिहास

नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण संसाराइतकीच रंगभूमीलाही लागू पडते. संगीत नाटकाचा इतिहास लिहिताना गाजलेल्या पदांची, गुणी नटांची आणि वन्समोअरांची नोंद आपण अगत्याने करतो. परंतु रसिकांनी कोणत्या चालींवर नाके मुरडली आणि का, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. आमच्या मते ही नापसंती म्हणजे त्या इतिहासाची अर्धी बाजू आहे. सुरतेच्या परिसराशी तिचा दुहेरी संबंध असल्यामुळे तिचा धागा तेथूनच हाती घेणे सोयीचे होईल.

पहिला संबंध पारशी रंगभूमीचा. सुरत-नवसारीकडून मुंबईस गेलेल्या पारशी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गुजराती व उर्दू नाटकांचा मोठा व्यवसाय उभारला. दुसरा संबंध कठोर ह्या गावाचा. आज सुरत जिल्ह्यात असलेले हे गाव पूर्वी बडोदे संस्थानात मोडत असे. तेथे १८६९ साली भास्करबुवा बखले जन्मास आले.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून त्यांना ही स्फूर्ती झाली, असे रंगभूमीचे इतिहासकार सांगतात. चाली मात्र त्यांनी घरच्याच निवडल्या. कीर्तनातील साकी, दिंडी, कटाव, जोडीला लावणी आणि कर्नाटकी वळणाची पदे, हे सारे श्रोत्यांच्या कानांत आधीच मुरलेले होते. देवळाच्या सभामंडपात जे ऐकले, तेच नाटकगृहात नव्या वेषाने भेटले. चाली लावणारा असा निराळा कोणी नव्हताच. नाटककारच ते काम करी. देवलांच्या ‘शारदे’नेही (१८९९) बहुतांशी हीच वाट धरली.

नापसंतीचा पहिला मोठा धनी ठरले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. ‘वीरतनय’ (१८९६) आणि ‘मूकनायक’ ह्या नाटकांत त्यांनी पारशी रंगभूमीवरच्या गुजराती-उर्दू चाली मोकळ्या हाताने घेतल्या. तरुणांना ह्या चालींची नवलाई वाटली, तर जुन्या वळणाच्या रसिकांना त्या परक्या व थिल्लर वाटल्या. ह्या तक्रारीची दोन अंगे वेगळी करून पाहिली पाहिजेत. चाल परकी म्हणून वाईट, हे म्हणणे टिकणारे नव्हते. कारण ज्या वृक्षाच्या मुळाशीच पारशी प्रयोगाचे पाणी होते, त्याच्या एका फांदीला परकी म्हणण्यात काय अर्थ? पण उसन्या चालीत बसविण्यासाठी शब्दांची ओढाताण होते आणि अर्थ कानी पडत नाही, हा आक्षेप सकस होता. काळानेही त्याचीच बाजू घेतली. ‘सौभद्र’ व ‘शारदा’ ह्यांतील पदे उत्सवांतून गायली जात राहिली. कोल्हटकरांची बहुतेक पदे विस्मृतीत गेली.

१९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे ह्यांनी चाली दिल्या आणि संगीतकार ही स्वतंत्र असामी मराठी रंगभूमीवर उभी राहिली. ठुमरी, होरी, कजरी ह्यांचा लडिवाळपणा त्यांनी नाट्यपदांत आणला. पाठोपाठ आले कठोरचे भास्करबुवा.

बुवांचे आयुष्य ह्या प्रकरणात फार बोलके आहे. बालवयात ते किर्लोस्कर मंडळीत होते; ‘रामराज्यवियोगा’त त्यांनी कैकेयी उभी केली. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी त्यांना अंतरली. मग बडोद्यास फैज महंमदखाँ, पुढे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ ह्यांच्या पायाशी बसून त्यांनी विद्या मिळविली. नट म्हणून जिने नाकारले, त्याच रंगभूमीवर १९१६ साली ‘स्वयंवरा’च्या चाली घेऊन ते परतले. पन्नासाहून अधिक पदांचे हे नाटक. ख्यालाच्या बंदिशी रुक्मिणीच्या मुखी आल्या आणि बालगंधर्वांच्या गळ्याने त्यांचे सोने झाले.

तक्रार तेव्हाही झालीच. नाटकाची मैफल झाली, रुक्मिणी गात उभी राहते आणि कथा तिष्ठत बसते, असे नाट्यप्रेमी म्हणू लागले. आक्षेप खरा होता. पण त्याचा सारा भार चाल बांधणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. एक पद तीनतीनदा गावयास लावणारे वन्समोअर पिटातूनच येत होते! कथा अडली म्हणून कुरकुरणारा आणि पद पुन्हा म्हणा म्हणून टाळ्या पिटणारा प्रेक्षक पुष्कळदा एकच असे.

१९२२ साली बुवा गेले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव ह्यांनी ‘कान्होपात्रे’तून (१९३१) ती परंपरा पुढे नेली. दुसरीकडे वझेबुवांच्या पल्लेदार चालींनी ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ह्या नाटकांत मंगेशीच्या दीनानाथांचा तेजस्वी गळा चमकला. गंधर्वांचे भक्त आणि दीनानाथांचे भक्त एकमेकांच्या संगीतास फारसे मानीत नसत. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले. केशवराव भोळ्यांनी त्यात मोजकीच, भावगीताच्या वळणाची पदे ठेवली. आता तक्रारीचे तोंड फिरले. काल गाणे फार झाले होते, आज ते फार थोडे झाले! १९६४ साली धि गोवा हिंदु असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले, तेव्हा मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी पदे आटोपशीर ठेवून शब्दांना उठाव दिला. लांबलेल्या गाण्यावरच्या जुन्या तक्रारीला इतके सुरेल उत्तर दुसऱ्या कोणी क्वचितच दिले असेल.

ह्या साऱ्यांतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक संगीतकार हा आदल्या पिढीच्या नापसंतीला दिलेले उत्तर असतो. म्हणून न आवडणे हा रसिकाचा अपराध नव्हे, तो त्याचा हक्क आहे. मात्र चाल कोठून आली एवढ्यावरून दिलेला निकाल ह्या इतिहासात एकदाही टिकलेला नाही. शब्द कळतात काय, पात्राच्या तोंडी ते सूर शोभतात काय, कथा पुढे सरकते काय, ह्या तीन कसोट्यांवर दिलेला निकाल मात्र बहुधा टिकला आहे.

गोमंतकातील देवस्थानांच्या उत्सवांत आजही हौशी मंडळी संगीत नाटके उभी करतात. कोणती पदे ठेवावी व कोणती गाळावी, हा वाद तेथे दर वर्षी रंगतो. तो अवश्य रंगावा. फक्त वडिलांच्या तोंडून वारशाने आलेली नावड निकालात मिसळू नये. पद आधी ऐकावे आणि मगच नाक मुरडावे. सुरतेच्या मराठी माणसांनीही इतके ध्यानी ठेवावे की, ज्यांच्या चालींवर नाटकाची मैफल केल्याचा आळ आला आणि ज्यांच्या चाली तरीही शंभर वर्षे गायल्या गेल्या, ते बुवा त्यांच्याच शेजारच्या गावचे होते.