ताजा कलम : पत्राखालच्या एका ओळीची हकीकत

पत्र लिहून झाले, खाली सही केली, आणि मग काही आठवले, म्हणजे आपण ‘ता. क.’ असे घालून एखादी ओळ लिहितो. पत्र हाती पडले की पुष्कळांचा डोळा आधी जातो तो या ओळीवरच! श्रोतेहो, या जागेचा जाहिरातीसाठी कसा उपयोग झाला, ते आज पाहू.

आपल्याकडे पूर्वी ही जागा जपून राखीत असत. शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकुराची हद्द. तिच्याखाली कोणी परभारे काही घुसडू नये, हा हेतू. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण म्हणतो, ते यावरूनच.

आता संगणकावरच्या टपालाकडे वळू. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. पुढे अशा पत्रांखाली आपले नाव, हुद्दा, संस्था आपोआप उमटावी, अशी सोय झाली. तिलाही ‘सही’च म्हणू लागले. मग कोणी तिच्यात आपल्या पुस्तकाचे नाव घाली, कोणी दुकानाचे. जाहिरात झाली आणि खर्च काही नाही! पण सह्या लांबत चालल्या. तेव्हा 1995 साली शिष्टाचाराची जी नियमावली निघाली, तिने सांगितले की, सही साधारण 4 ओळींपलीकडे नसावी. त्या काळी पुष्कळ लोक मिनिटांच्या हिशेबाने जोडणीचे पैसे भरीत. लिहिणाऱ्याला जे फुकट होते, त्याचे दाम वाचणाऱ्याला पडे.

यानंतर 4 जुलै 1996 रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी ‘हॉटमेल’ सुरू केले. भाटिया हे भारतात वाढलेले. लहानपणी काही काळ पुण्याच्या शाळेतही होते. टपालखाते कोणालाही फुकट मिळणार होते. पण हे लोकांना कळावे कसे? जाहिरातीला पैसा थोडा. त्यांना भांडवल पुरविणाऱ्यांपैकी टिम ड्रेपर यांनी सुचविले की, जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ताजा कलम म्हणून एक ओळ घाला : तुम्हीही हॉटमेलवर फुकट खाते उघडा. दोघे प्रथम राजी नव्हते. दुसऱ्याच्या खासगी पत्रात आपण लुडबूड कशी करावी? शेवटी ती ओळ घातली गेली. दीड वर्षात खातेदार सुमारे 1 कोटी 20 लाखांवर गेले. 1997 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे 40 कोटी डॉलर सांगतात.

एवढी करामत एका ओळीने कशी केली? खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बियाणे विकणारा कितीही बोलला, तरी आपण शेजाऱ्याच्या रानातले कणीस पाहून मगच ते घेतो. इथेही तसेच झाले. पत्र ओळखीच्या माणसाचे, आणि ते हाती आले हाच मालाचा नमुना. घेणारा उद्या स्वतः पत्रे लिही, आणि नकळत तोही प्रचारक होई. भारतात जाहिरात न करताही हॉटमेल पसरले, ते असेच.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कंपनीने पैसा मोजला नाही, म्हणून जाहिरात फुकट झाली असे नव्हे. तिथे खर्ची पडला तो लिहिणाऱ्याचा शब्द. मुलाने बापाला लिहिलेल्या पत्रावर बापाचा विश्वास असतो. त्या विश्वासाच्या आधाराने तिसराच आपला माल पुढे सारतो, आणि तेही मुलाला न विचारता. आपल्या नावाखाली आपणच धंदा लिहिणे वेगळे, आणि दुसऱ्याने तो लिहिणे वेगळे. 2007 साली आयफोन आला. त्याच्या पत्रांखालीही फोनचे नाव आपसूक उमटे. पण ते काढून टाकण्याची मुभा मालकाला होती. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नव्हे.

तेव्हा बचतगटाच्या ताईंनी आपल्या पत्राखाली गावाचे नाव आणि आपला माल जरूर लिहावा. गुरुजींनी शाळेच्या वाचनालयाला पुस्तके हवीत, हेही लिहावे. दोन-चार ओळी पुरेत, आणि त्या खऱ्या असाव्यात. पण पत्र धाडण्यापूर्वी तळाशी एकदा नजर टाकावी. तिथे आपण न लिहिलेले काही असेल, तर ते ठेवायचे की पुसायचे, हे आपण ठरवावे. कारण वाचणारा ते आपलेच म्हणून वाचणार आहे.