फोर्ट विल्यम ते सॉल्ट लेक : मॅक्यून पितापुत्रांची कहाणी

खिदिरपूरचा पूल ओलांडून मैदानाच्या दिशेने निघाले की फोर्ट विल्यमचा विस्तीर्ण परिसर लागतो. 2024 च्या अखेरीस या किल्ल्यास ‘विजय दुर्ग’ हे नाव मिळाले. कोकणातील मराठी आरमाराच्या दुर्गाचे नाव हुगळीच्या तीरी आलेले पाहून आपणा मराठी मंडळींस आनंद होणे स्वाभाविकच आहे. परंतु याच किल्ल्यातील एक कुटुंब श्रद्धेपायी अमेरिकेच्या पश्चिमेकडील निर्जन प्रदेशात जाऊन वसले, ही हकिकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मॅथ्यू मॅक्यून हा मूळचा आयल ऑफ मॅन बेटावरचा, जन्म 1811. कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यात तो नोकरीस होता. त्याचा पुत्र आल्फ्रेड 1849 मध्ये फोर्ट विल्यममध्येच जन्मला. 1851 साली जोसेफ रिचर्ड्स हा मॉर्मन प्रचारक कलकत्त्यात उतरला. जोसेफ स्मिथने 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेला हा पंथ. 1844 मध्ये जमावाने स्मिथची हत्या केली. 1847 मध्ये ब्रिगहॅम यंगने अनुयायांना सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेले. मॅक्यूनने 1851 मध्येच दीक्षा घेतली आणि दुसऱ्या ब्रह्मी युद्धाच्या काळात रंगून येथेही प्रार्थनासभा भरविल्या.

1852 मध्ये ह्यू फिंडले मुंबईस व पुढे पुण्यास गेला. 1853 मध्ये ‘मॉन्सून’ जहाजाने आणखी प्रचारक कलकत्त्यास आले. परंतु ही पेरणी उगवली नाही. पंथातील बहुपत्नीत्व 1852 मध्ये जाहीर झाल्याने गोरा समाज बिथरला. पलटणींच्या बदल्यांनी जमलेली माणसे पांगली.

1856 च्या अखेरीस मॅक्यूनने स्थिर नोकरी व परिचित जग सोडून सहकुटुंब प्रयाण केले. 1857 मध्ये इकडे उठावाचा वणवा पेटला असता ते कुटुंब गाड्यांच्या तांड्याबरोबर यूटा गाठत होते. पुढे नीफाय या गावी त्यांनी संसार मांडला. मॅथ्यू तेथेच 1889 मध्ये वारला.

आल्फ्रेडने रेल्वेची कंत्राटे घेतली. मोंटाना, कॅनडा व पेरू येथील खाणींतून अपार संपत्ती मिळविली. 1899 मध्ये तो सिनेटच्या जागेसाठी उभा राहिला. परंतु विधिमंडळात पेच पडून कोणीच निवडून आले नाही. धर्माचरणात तो पित्याप्रमाणे रमला नाही; ती निष्ठा पत्नी एलिझाबेथने राखली. सॉल्ट लेक येथील त्यांचा भव्य वाडा 1920 मध्ये उभयतांनी चर्चला अर्पण केला. 1927 मध्ये फ्रान्समधील कान येथे आल्फ्रेडचे निधन झाले.

पित्याने श्रद्धेसाठी घर सोडले. पुत्राचे नाव मात्र घरामुळे उरले. प्रस्तुत लेखकही बदलीच्या हुकुमानेच या नगरीत आला. आपली मुले बंगालीत हसतात, बंगालीत भांडतात, याचे दुःख नाही. परंतु आपण बरोबर आणलेले काय त्यांच्यापाशी उरेल, हा प्रश्न मॅक्यून पितापुत्रांची कहाणी आपणापुढे ठेवते. मंडळाच्या वास्तूबरोबरच तिच्यात घुमणारी भाषाही पुढील पिढीच्या हाती सोपविता आली, तर पन्नास वर्षांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.