फुटलेला चेंबर आणि कृष्णाकांठची धातुविद्या

मोटारीच्या इंजिनाच्या तळाशीं एक उथळ भांडें बसविलेलें असतें. पुस्तकी मराठींत त्यास तेलपात्र म्हणावें. परंतु साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कोणत्याहि मिस्त्रीकडे गेलांत तर त्याचें नांव 'चेंबर' असेंच कानीं पडेल. वाटेंतील उभ्या दगडावर गाडी आपटली, चेंबरला चीर गेली आणि काळें तेल ठिबकूं लागलें, हा प्रसंग पसरणीचा किंवा कुंभार्लीचा घाट ओलांडणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांस अपरिचित नाहीं. ही चीर बुजवावी कशी, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याचें उत्तर शोधूं गेलें असतां आपल्या कृष्णाकांठच्या धातुविद्येचा मोठा इतिहास हातीं लागतो, म्हणून तो आज आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम या चिरेचें गांभीर्य पाहूं. इंजिन चालूं असतां पंप चेंबरमधील तेल ओढून घेतो व तें दांड्याच्या बेअरिंगांकडे ढकलतो. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ पडदा असतो, त्याच्या आधारावर तो दांडा फिरतो. तेल संपलें कीं पडदा गेला, धातूला धातु घांसूं लागला, आणि थोड्याच मिनिटांत सारें इंजिन जाम झालें. म्हणजे बोटभर चीर हजारों रुपयांच्या यंत्राचा नाश करूं शकते. म्हणूनच जाणते चालक तेलाच्या दाबाचा दिवा लागतांच, 'पुढच्या गांवापर्यंत नेऊं' असें न म्हणतां, गाडी जागच्या जागीं बंद करतात.

सर्व चेंबर एका धातूचे नसतात. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींच्या घरांत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचें तळपात्र पोलादी पत्र्याचें होतें. तींत तेलाचा पंपच नव्हता, फिरत्या भागांनीं उडविलेल्या तेलावर तिचें काम चाले. इतर कित्येक गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे ओतीव असत, तर शेतावरच्या जड इंजिनांचीं तळपात्रें बहुधा ओतीव लोखंडाचीं. पत्रा पोंचतो, लवतो, आणि त्यास डाख देणें सोपें. ओतीव लोखंड मात्र ठिसूळ. त्याचा एकच भाग तापविला तर तो फुगूं पाहतो, भोंवतालचा थंड भाग त्यास अडवितो, आणि निवतांना जुन्या चिरेशेजारीं नवी चीर पडते. ॲल्युमिनियमची अडचण निराळीच. तो धातु ६६० अंशांवर वितळतो, पण त्याच्या अंगावर हवेनें धरलेली बारीक साय दोन हजार अंश ओलांडल्यावांचून वितळत नाहीं. त्यामुळें साय फुटण्यापूर्वींच आंतला धातु पाण्यासारखा खालीं गळून पडतो.

मग पूर्वीं काय करीत? चिरेच्या दोन्ही टोंकांस लहान भोकें पाडीत, म्हणजे ती पुढें पळत नसे. वरून धातूची पट्टी ठेवून, मध्यें सफेत्यांत भिजविलेलें कापड घालून, बारीक स्क्रूंनीं ती आवळीत. ही झाली ठिगळाची विद्या. १९०३ सालीं फ्रान्समध्यें फूशे व पिकार यांनीं ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचा बर्नर सिद्ध केला, तेव्हां ठिगळाच्या जागीं खरा सांधा आला. ॲल्युमिनियमचा प्रश्न १९४१ च्या सुमारास अमेरिकेंत सुटला. विमानांच्या कारखान्यांतील रसेल मेरेडिथ यांनीं हेलियम वायूच्या आवरणांत विजेच्या ठिणगीनें सांधा जुळविण्याची रीत काढली. पुढें हेलियमच्या जागीं आर्गन आला, आणि आज आपल्या गांवोगांवींच्या पाट्यांवर दिसणारें 'आर्गन वेल्डिंग' तें हेंच.

आतां आपल्या भागाकडे वळूं. ज्या १९०३ सालीं फ्रान्समध्यें ती ज्योत पेटली, त्याच सालीं बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांनीं कुंडल स्टेशनजवळ त्यांस जमीन दिली. निवडुंग आणि नाग यांखेरीज तेथें कांहीं नव्हतें. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे. पहिल्या महायुद्धांत परदेशीं लोखंड येईनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पन्हाळगडावरील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. ज्या धातूनें एकेकाळीं गोळे फेंकले त्याचे नांगर झाले. या वाडींतले शंभूअण्णा जांभेकर, अनंतराव फळणीकर हे कांहीं मोठ्या पदव्या मिळविलेले लोक नव्हते. धातु कसा वागतो हें त्यांनीं हातानें आणि डोळ्यानें शिकून घेतलें.

सातारा जिल्ह्यांतहि असेंच घडलें. पुढें १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर यांनीं १९२२ च्या सुमारास पाडळीस, म्हणजे आजच्या सातारारोडला, कारखाना काढला. आरंभीं तेथें शेतीचीं अवजारें होत, आणि १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें होऊं लागलीं. १९४७ सालीं सांगलीस धोंडूमामा साठे यांनीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. १९५५ पासून तें वालचंद यांच्या नांवानें ओळखलें जातें. भट्टींतल्या विद्येला येथें वर्गाची जोड मिळाली.

श्रोते विचारतील, नांगराचा आणि मोटारीच्या चेंबरचा संबंध काय? संबंध असा. वितळलेलें लोखंड सांच्यांत निवतांना आकसतें, जाड भाग सावकाश आणि पातळ भाग लवकर निवतो, व त्या ओढाताणींत वस्तु तडकते, हें ज्यानें ओतशाळेंत प्रत्यक्ष पाहिलें आहे, त्याला फुटलेला ओतीव भाग आधीं सर्वच्या सर्व हळूहळू तापवावा, सांधून झाल्यावर राखेंत पुरून सावकाश निवूं द्यावा, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. घडविण्याचें ज्ञान आणि सांधण्याचें ज्ञान हीं एकाच झाडाचीं फळें आहेत.

म्हणून चांगला मिस्त्री कसा ओळखावा हेंहि सांगतों. तो चेंबर गाडीला तसाच ठेवून त्यावर ज्योत धरीत नाहीं. कारण आंतल्या तेलाच्या वाफा पेटण्याचें भय असतें. तो चेंबर उतरवितो, तेल काढून टाकतो, आणि चिरेंत मुरलेला तेलाचा अंश निघेपर्यंत तो भाग धुतो. कारण तेलकट धातूवर सांधा धरत नाहीं. चिरेच्या टोंकांस भोकें पाडतो, कडा तासून खांच करतो, मग सांधतो. शेवटीं बाहेरून चुन्याचा हात देऊन आंत रॉकेल ओततो व कांहीं वेळ थांबतो. पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटला तर काम पुनः करावयाचें. नंतर नवें पॅकिंग घालून बोल्ट एकदम न आवळतां आळीपाळीनें आवळतो. जो भाग पूर्वीं दोनदां सांधलेला आहे, किंवा ज्याची चीर बोल्टाच्या बैठकींत शिरली आहे, तो मात्र बदलावा असें तो स्पष्ट सांगतो. नाहीं म्हणण्याचें धैर्य हाहि कारागिरीचाच भाग आहे.

आज पुष्कळ नव्या गाड्यांचीं तळपात्रें प्लॅस्टिकचींहि असतात. तीं फुटलीं तर बहुधा नवींच बसवितात. त्यांत वेळ वांचतो, हें खरें आहे. परंतु जुन्या गाडीचा भाग बाजारांत मिळेनासा होतो तेव्हां सांधणाराचाच शोध घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत त्याच्या हाताखालीं कोणी शिकलेला नसेल तर पैसे असूनहि उपाय उरत नाहीं. माळावर ओतशाळा उभारण्यास लक्ष्मणरावांसारखा पुरुष लागला. ती विद्या टिकविण्यास मात्र आपण सामान्य गिऱ्हाइकेंहि पुरेशीं आहोंत. चांगल्या मिस्त्रीस योग्य मजुरी द्यावी, घाई करूं नये, आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या पोराला 'हें असें कां?' असें विचारूं द्यावें. त्या प्रश्नाचें उत्तर जोंवर आपल्या भागांत कोणी देऊं शकतो, तोंवर घाटांत गाडी थांबली तरी ती तेथेंच राहणार नाहीं.