थर्मंड : शिरगणतीचा आकडा आणि गाव

अ‍ॅपलाचियन पर्वतराजीत, पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील न्यू नदीच्या दरीत वसलेल्या थर्मंड गावची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत अवघी 5 भरली. 1930 मध्ये ती 462 होती. एवढ्यावरून 'उजाड झालेले खाणगाव' असा निष्कर्ष काढणे सोपे, परंतु तो यथार्थ नव्हे. आसपासच्या खाणींचा कोळसा येथून जात असला, तरी थर्मंड हे मुळात लोहमार्गाचे गाव होय. 1873 मध्ये कॅप्टन थर्मंड याला मोजणीच्या कामाच्या मोबदल्यात येथील 73 एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी चेसापीक-ओहायो लोहमार्ग पुरा झाला. दुकाने व बँक यांच्या दारावरूनच रूळ गेले, हमरस्ता असा नव्हताच. 1921 पर्यंत गावात यावयाचे ते आगगाडीनेच. बॅप्टिस्ट पंथाच्या कॅप्टनने मद्य वर्ज्य ठरविले, म्हणून मद्य व जुगार यांची चंगळ गावाच्या हद्दीबाहेर, पैलतीरावरील डनग्लेन हॉटेलात चाले. गावची खरी वर्दळ अशी शिरगणतीच्या बाहेरच राहिली! हे हॉटेल 1930 मध्ये जळाले खरे. पण ऱ्हासाचे कारण आगीपेक्षा इंजिनात अधिक शोधावे लागते. वाफेच्या इंजिनांना थर्मंडला कोळसा-पाणी घ्यावे लागे. डिझेल इंजिनांना त्याची गरज उरली नाही.