लहान गावांतील प्लास्टिक प्रक्रिया उद्योग (महाराष्ट्र)

लहान गावांतील प्लास्टिक प्रक्रिया उद्योग म्हणजे प्लास्टिकचे तयार दाणे किंवा भुकटी यांना उष्णता व दाब देऊन पाइप, ठिबक सिंचनाच्या नळ्या, पाण्याच्या टाक्या, फिल्म, चटया इत्यादी वस्तू घडविणारा उद्योग होय. मूळ प्लास्टिकची निर्मिती याहून वेगळी आहे. ती खनिज तेल व नैसर्गिक वायूवर आधारित असून तिला प्रचंड भांडवल लागते आणि ती बहुधा बंदर किंवा वायुवाहिनीच्या आश्रयाने होते. प्रक्रिया उद्योगाला असे बंधन नसल्यामुळे तो समुद्रापासून दूर, मराठवाडा व खानदेशासारख्या कृषिप्रधान भागांतही रुजू शकला.

इतिहास

महाराष्ट्रात मूळ प्लास्टिकचे उत्पादन १९६० च्या दशकात तुर्भे–ठाणे पट्ट्यात वाढले. पुढे रायगड जिल्ह्यात नागोठणे येथे मुंबई हायच्या वायूवर आधारित संकुल उभे राहिले, तर रत्नागिरीजवळ फिनोलेक्स कंपनीचा पीव्हीसी राळेचा कारखाना १९९४ मध्ये सुरू झाला. ही सर्व ठिकाणे कोकणात आहेत. वस्तू घडविणारे कारखाने मात्र प्रथम मुंबईच्या परिसरात साचले आणि नंतर पांगले. त्यांपैकी काही दमण व सिल्व्हासा येथे गेले. या स्थलांतरामागे कच्चा माल वा बाजारपेठ यांपेक्षा करसवलतीचा वाटा मोठा होता.

राज्यांतर्गत विकेंद्रीकरणासाठी १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना लागू झाली. या योजनेत तालुक्यांची विकासाच्या पातळीनुसार वर्गवारी केली जाते आणि मागास तालुक्यांतील उद्योगांना अधिक सवलत मिळते.

लहान शहरातील वाढीचे सर्वांत ठळक उदाहरण जळगावचे आहे. मूळचे वाकोद येथील उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइपनिर्मिती सुरू केली व त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचनाकडे मोर्चा वळविला. गिरणा नदीकाठच्या बांभोरी येथील कारखाना त्यातूनच विस्तारला. केळीची बागायत, रेल्वेमार्ग आणि सुरतकडे जाणारा महामार्ग या तिन्ही गोष्टी जळगावला एकत्र लाभल्या. सुप्रीम इंडस्ट्रीजनेही याच जिल्ह्यात गाडेगाव येथे पाइपचा कारखाना उभारला. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक चटईचा व्यवसाय मात्र शेतीशी निगडित नाही. तो मुख्यतः लहान कारखान्यांनी चालविला आहे.

स्थाननिश्चिती

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार उद्योगाचे स्थान ठरविताना कच्चा व पक्का माल यांच्या वाहतूकखर्चाची तुलना करावी लागते. प्लास्टिकच्या बाबतीत या तुलनेत वजनापेक्षा आकारमानाला महत्त्व येते. दाणे साधारणतः २५ किलोच्या गोण्यांत येतात आणि ट्रकमध्ये दाटीने रचता येतात. अशा एक-दोन गोण्यांच्या मालातून १,००० लिटरची टाकी तयार होते, पण ती ट्रकमधील एक घनमीटरहून अधिक जागा अडविते. दूर पाठविलेल्या टाकीबरोबर हवेचेही भाडे भरावे लागते, असे म्हणता येईल. त्यामुळे टाक्यांचे कारखाने गिऱ्हाइकाजवळ, अनेक ठिकाणी विखुरलेले आढळतात. पाइपच्या बाबतीत मोठ्या व्यासाच्या पाइपमध्ये लहान व्यासाचे पाइप सरकवून हा खर्च काही प्रमाणात कमी करता येतो. ठिबकची नळी वेटोळे करून बांधता येते. म्हणूनच ती एका ठिकाणी बनवून लांबवर विकणे परवडते. वाहनांच्या सुट्या भागांचे गणित निराळे असून ते कारखाने वाळूज किंवा चाकणसारख्या ठिकाणी वाहननिर्मात्यांच्या शेजारी वसतात.

दुसरा निर्णायक घटक वीज हा आहे. पाइप काढणारे यंत्र तासन्‌तास अखंड चालावे लागते. मध्येच पुरवठा तुटल्यास तापलेल्या नळकांड्यात अडकलेले पीव्हीसी करपते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, आणि यंत्र उघडून साफ केल्याशिवाय काम पुन्हा सुरू होत नाही. ग्रामीण वीजवाहिनीवरील जमीन स्वस्त मिळाली, तरी वारंवार होणारी ही नासाडी ती बचत गिळून टाकते. स्वतंत्र औद्योगिक वाहिनी असलेली वसाहत म्हणूनच महाग असूनही सोयीची ठरते.

पाणी मुख्यतः साचे व पाइप थंड करण्यासाठी लागते. ते फिरवून पुन्हा वापरता येत असल्यामुळे रोज केवळ बाष्पीभवनाची व गळतीची तूट भरावी लागते. दुष्काळी तालुक्यांत हा उद्योग शक्य होण्याचे हे एक कारण आहे. तथापि टंचाईत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी थोड्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यालाही साठवणीची स्वतःची सोय लागते.

नेकनूर परिसर

नेकनूर हे बीड तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव मांजरसुंबा–केज रस्त्यावर, बालाघाटच्या पठारी भागात आहे. मांजरसुंबा येथे हा रस्ता सोलापूर–धुळे महामार्गास मिळतो. परिसरातील शेती अवर्षणप्रवण असल्यामुळे पाइप, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचे अस्तर व टाक्या यांना स्थानिक मागणी असते. वरील निकषांनुसार अशा ठिकाणी टाक्या किंवा पाइप बनविणे सयुक्तिक ठरते. ठिबकच्या नळीला मात्र येथे वाहतुकीचे संरक्षण मिळत नाही, कारण दूरच्या मोठ्या कारखान्याची वेटोळी त्याच बाजारात सहज येतात. शिवाय अनुदानपात्र ठिबक संचाला भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह लागते व त्यासाठी चाचणीची व्यवस्था ठेवावी लागते, जी लहान कारखान्यास जड जाते. कच्चा माल बहुतांशी रस्त्यानेच आणावा लागतो. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्गाचा आष्टीपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला.

नियमन

कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालविण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वतंत्र संमती घ्यावी लागते. टाकाऊ प्लास्टिक धुऊन त्याचे दाणे करणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी व दुर्गंधी अधिक असल्याने त्याची जागा वस्तीपासून व ओढ्यापासून दूर असणे आवश्यक ठरते.

राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या व एकदाच वापरण्याच्या अनेक वस्तूंच्या उत्पादनावर बंदी आली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून देशभर अशा ठरावीक वस्तूंवर बंदी घातली, तर पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. याचा सर्वाधिक फटका पातळ पिशव्यांवर अवलंबून असलेल्या लहान कारखान्यांना बसला. वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा करून फिल्म ओढण्याची हीच पद्धत शेतातील आच्छादनाच्या फिल्मसाठीही वापरली जाते. परंतु ती फिल्म पिशवीपेक्षा बरीच रुंद लागते, त्यामुळे जुने अरुंद यंत्र त्या कामी सहसा येत नाही.