टोचनची गाडी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मी टोचनच्या गाडीखाली आडवा होतो. म्हणून तिच्याबद्दलच लिहितो. खोपोलीतल्या आमच्या गॅरेजातली ती बोजड हिरवी गाडी १९८५ च्या बॅचला नक्की आठवेल. बोरघाटात बंद पडलेले ट्रक ती ओढून आणायची आणि तुम्ही मला 'टोचन्या' म्हणायचात.

आधी थोडा इतिहास. टोचनच्या गाडीचा जनक म्हणून अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरातला गॅरेजवाला अर्नेस्ट होम्स याचे नाव घेतात. १९१६ साली त्याच्या एका जुन्या शिक्षकांची फोर्ड मोटार ओढ्यात उलटली. सहा माणसे, दोर आणि ओंडके लावून त्याने ती कशीबशी बाहेर काढली. त्यात कित्येक तास गेले. मग त्याने १९१३ च्या कॅडिलॅक मोटारीवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. सरांच्या अडलेल्या गाडीपायी हा शोध लागला, हे आपल्या गुरुजनांसाठी मुद्दाम नोंदवतो!

आमची गाडी मात्र जन्माने टोचनची नव्हे. तो दुसऱ्या महायुद्धातला कॅनडियन बनावटीचा शेव्हर्ले लष्करी ट्रक. कॅनडाने त्या युद्धासाठी आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली. युद्धानंतर भारतात उरलेली अनेक वाहने डिस्पोजलमध्ये विकली गेली. त्यातला एक ट्रक आजोबांनी घेतला, मागचा हौदा काढला आणि गर्डर व हाताने फिरवायची विंच बसवली. तिची समोरची काच वरून पुढे झुकलेली आहे. ती कोणी उलटी बसवली असावी, असे मला लहानपणी वाटे. विमानातून काचेची चमक दिसू नये म्हणून ती तशी असते, हे पुढे कळले.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, हायड्रॉलिक क्रेन आल्या आणि आमची गाडी गॅरेजमागे उभी राहिली. भंगारवाला दोनदा भाव करून गेला; वडिलांनी दिली नाही. ते गेल्यावर मी तिला हात घातला.

इंजिन सहा सिलिंडरचे, २१६ घनइंचांचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे बदलता येणारे बेअरिंग नसते. व्हाइट मेटल वितळवून रॉडमध्येच ओतायचे, मग निळा रंग लावून कुठे घासते ते पाहायचे आणि तेवढेच खरवडायचे. हे काम येणारा माणूस शोधण्यात सात महिने गेले. शेवटी पुण्यात एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी सहाही रॉड ओतून दिले आणि खरवडायचे काम मला शेजारी बसवून शिकवले.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. १९८३ साली, नववीत, कार्ल्याच्या सहलीहून परतताना आपली बस घाटात बंद पडली होती. अंधारात आपण कडेला उभे होतो आणि खालून आमचीच गाडी आली. मी सगळ्यांच्या मागे जाऊन लपलो. तेलाने माखलेल्या कपड्यांत वडील उतरले. माणसे मोजायला त्यांनी बॅटरी फिरवली. उजेड माझ्या तोंडावर आला, क्षणभर थांबला आणि पुढे सरकला. त्यांनी मला हाक मारली नाही. साखळी लावली, विंच फिरवली आणि बस खाली आणली. घरी जेवतानाही त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही.

गाडीला आता नवा रंग आहे, वायरिंग नवे आहे, ब्रेकही नवे. विंचच्या दांड्याची लाकडी मूठ तेवढी बदललेली नाही. ती एका बाजूने झिजून खोलगट झाली आहे आणि माझा हात तिथे बरोबर बसतो.

मेळाव्याच्या दिवशी गाडी शाळेच्या पटांगणात आणणार आहे. वाटेत कुणाची मोटार बंद पडली तर फोन करा. आणि हो, 'टोचन्या' म्हणूनच हाक मारा.